शार्कचे दात आणि बिशपची अंगठी

पुराने नदीचा काठ तासला म्हणजे आतले थर उघडे पडतात. गाळ, वाळू, पुन्हा गाळ. खालचा थर जुन्या पुराचा, वरचा नंतरचा, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पण या साध्या गोष्टीवरून डोंगरांचा इतिहास वाचता येतो, हे १६६९ साली ग्रंथात मांडले ते नील्स स्टेन्सन ऊर्फ स्टेनो याने. हा गृहस्थ पुढे कॅथलिक बिशप झाला!

कोपनहेगनच्या एका सोनाराच्या घरी १६३८ साली तो जन्मला. घराणे ल्यूथरपंथी, शिक्षण वैद्यकाचे. हृदय म्हणजे एक स्नायूच, असे त्याने सांगितले. तो इटलीत असताना, १६६६ साली, लिव्होर्नोजवळ कोळ्यांना एक भला मोठा शार्क मासा सापडला. तस्कनीच्या ड्यूकने त्याचे मुंडके फ्लॉरेन्सला स्टेनोकडे धाडले. त्याचे दात आणि माल्टा बेटावरचे 'जिभेचे दगड' यांत त्याला विलक्षण साम्य दिसले. लोकांची समजूत अशी, की संत पौलाने तिथल्या सापांना शाप दिला आणि त्यांच्या जिभांचे दगड झाले. विषावर उतारा म्हणून ते जवळ बाळगीत. हे माशाचेच दात, असे फाबिओ कोलोन्नाने १६१६ मध्येच म्हटले होते. पण ते खडकात कसे शिरले, याचा हिशेब स्टेनोने लावला.

आता गंमत पाहा. १६६७ साली हाच माणूस कॅथलिक झाला. याच चर्चने १६३३ मध्ये गॅलिलिओला शिक्षा केली होती, आणि गॅलिलिओचा शिष्य विव्हियानी हा तर स्टेनोचा स्नेही! तरी थरांचा ग्रंथ निघाला तो धर्मांतरानंतर दोन वर्षांनी. श्रद्धेपायी त्याने डोळे मिटून घेतले नाहीत.

१६७५ मध्ये तो धर्मगुरू झाला, १६७७ मध्ये बिशप. मग मात्र संशोधन सुटले. मला त्याची हळहळ वाटते. उत्तर जर्मनीत तो फकिरासारखा राहिला. गरिबांसाठी त्याने बिशपची अंगठीसुद्धा विकली, असे सांगतात. १६८३ साली म्युन्स्टरला नव्या बिशपच्या निवडणुकीतला व्यवहार त्याच्या मनाला पटेना, तेव्हा पद सोडून तो हँबुर्गला निघून गेला. १६८६ मध्ये श्वेरीन गावी वारला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८८ साली त्याला 'धन्य' घोषित केले. संतपदाच्या अलीकडची ही पायरी.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. तत्त्वज्ञ स्पिनोझा हा त्याचा हॉलंडमधला जुना परिचित. तो वारला त्याच वर्षी, १६७७ मध्ये, त्याच्या 'नीतिशास्त्र' या अप्रकाशित ग्रंथाची प्रत स्टेनोच्या हाती आली. विचार घातक वाटले, म्हणून त्याने ती रोमच्या धर्मन्यायसभेकडे दिली. स्वतःच्या विवेकासाठी पंथ आणि पद सोडणाऱ्याने दुसऱ्याच्या विवेकाला ही मोकळीक दिली नाही. ती प्रत २०१० साली व्हॅटिकनच्या ग्रंथालयात सापडली. त्या ग्रंथाचे आज माहीत असलेले हस्तलिखित तेवढेच.