लगाशचा अकरा वर्षांचा राजा

संगणकावरील खेळांच्या इतिहासात अभियंत्यांची नावे आधी येतात. शाळामास्तरांचा उल्लेख क्वचितच होतो. मेबल ॲडिस या न्यूयॉर्क राज्यातील एका प्राथमिक शाळेत चौथीला शिकवत. त्यांनी लिहिलेला आणि आयबीएमच्या विल्यम मॅके यांनी संगणकाच्या भाषेत उतरवलेला 'द सुमेरियन गेम' १९६४ मध्ये सहावीच्या मुलांसाठी तयार झाला. आपल्याकडेही हडप्पा संस्कृतीचा धडा सहावीतच येतो. त्यामुळे या जुन्या प्रयोगाविषयी आम्हांला विशेष कुतूहल आहे.

त्यात चित्रे हलत नव्हती. मूल टेलिप्रिंटरसमोर बसे, आणि दूरवरच्या आयबीएम ७०९० संगणकाकडून आलेला मजकूर कागदावर उमटे. काळ इ.स.पू. ३५००, नगर लगाश, आणि गादीवर बसलेला राजा लुडुगा म्हणजे ते मूलच. पीक हाती आले की त्यातले किती प्रजेला खायला द्यायचे, किती बियाण्यासाठी ठेवायचे आणि किती कोठारात भरायचे, हे राजाने ठरवायचे. पुढच्या हंगामाचा अहवाल त्या निर्णयाचे फळ सांगे. कधी पूर किंवा आग कोठाराचा घास घेई. नंतरच्या भागांत दुसरा आणि तिसरा लुडुगा येई, धान्यापाठोपाठ कारागिरी आणि व्यापार येई. १९६६ च्या सुधारित आवृत्तीत पारदर्शिका आणि ध्वनिमुद्रित संभाषणेही जोडली गेली.

इतिहासाचा असा जमाखर्च करणे साहित्याच्या अभ्यासकाला रूक्ष वाटेल. आम्हांला मात्र या खेळाचा तोच भाग सर्वांत अस्सल वाटतो. मेसोपोटेमियात लेखनकलेचा जन्मच हिशेबातून झाला. उरुक येथे सापडलेल्या, इ.स.पू. चौथ्या सहस्रकाच्या अखेरच्या मृत्तिकापट्टांवर काव्य नाही. जव, बिअर आणि मेंढरे यांच्या नोंदी आहेत. गिल्गमेशची कथा त्यानंतर कित्येक शतकांनी लिहिली गेली. धान्याची वाटणी करताना गोंधळून जाणारे मूल सुमेरच्या लेखनिकाच्या जितके जवळ जाते, तितके ते पाठ्यपुस्तकातील 'शेती हा प्रमुख व्यवसाय होता' या वाक्याने जात नाही.

अडचण आहे ती वेगळीच. कोणाच्या जागी बसून हा हिशेब करायचा? खेळाने मुलाला सिंहासन दिले. प्रजा मात्र त्याच्यापुढे लोकसंख्येचा आकडा होऊन आली. लगाश राज्यातील गिरसू येथे इ.स.पू. चोविसाव्या शतकातील मंदिराचे दप्तर सापडले आहे. त्यात विणकाम करणाऱ्या स्त्रियांना आणि त्यांच्या मुलांना दिलेल्या जवाच्या याद्या आहेत, आणि त्या स्त्रिया तेथे नावानिशी नोंदलेल्या आहेत. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या कारकुनाने जपलेली नावे नव्या यंत्राला एका संख्येत मिळवावी लागली. याच लगाशच्या उरुकागिना राजाने अधिकाऱ्यांच्या जुलमाची गाऱ्हाणी शिलालेखात नोंदवून ठेवली आहेत. खाणे, पेरणे आणि साठवणे या तीन आकड्यांत ती मावणारी नव्हती.

पुढचा प्रवास तर अधिकच बोलका आहे. या खेळाचे वर्णन ऐकून डग डायमेंट यांनी १९६८ मध्ये त्याचे एक छोटे रूप तयार केले. डेव्हिड आल यांनी ते बेसिक भाषेत आणले, १९७३ मध्ये पुस्तकात छापले, आणि ते 'हामुराबी' म्हणून सर्वत्र पोहोचले. हम्मुराबी राजा बाबिलोनचा, इ.स.पू. अठराव्या शतकातला, या प्रवासात त्याच्या नावातला एक 'म'ही गळाला. गादी कोणाची, नगर कोणते, याची आता गरजच उरली नव्हती. पारदर्शिका गेल्या, ध्वनिमुद्रिते गेली, बाईंनी रचलेला गद्य मजकूर आटला. गणित तेवढे तगले. कवितेऐवजी तिचा सारांश पाठ करणारे विद्यार्थी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे नवल वाटू नये.

अलीकडे काटा दुसऱ्या टोकाला गेला आहे. युबिसॉफ्टने २०१८ मध्ये 'असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स' या खेळातून मारामारी वगळून प्राचीन इजिप्तची सफर काढली. तिथे मूल पिरॅमिडच्या सावलीत हिंडते, ममी कशी बनवत हे ऐकते, हवे तेथे थांबते. पण त्याच्या एखाद्या निर्णयाने कोणी उपाशी राहत नाही. ॲडिसबाईंच्या वर्गातल्या मुलाला यातले काहीच दिसत नव्हते. कोठारात जव कमी आहे आणि पेरणी तोंडावर आली आहे, एवढेच त्याला ठाऊक होते. बाईंचा तो मूळ कार्यक्रम आता हरवला आहे; टेलिप्रिंटरवर उमटलेले मोजके कागद तेवढे उरले आहेत.