हप्त्यांनी जमीन विकताना कराचे भान

अहिल्यानगर शहराच्या सीमेलगतची शेतजमीन विकून त्या पैशातून दुसरीकडे शेती घेणे ही जिल्ह्यातील अनेक कुटुंबांची रीत आहे. खरेदीदाराकडे पूर्ण रक्कम नसेल, तर विक्रेताच उधारी देतो आणि किंमत दोन-तीन वर्षांच्या हप्त्यांत ठरते. व्यवहार सोयीचा दिसतो. परंतु प्राप्तिकर कायदा हप्त्यांची वाट पाहत नाही.

प्रथम जमीन कोठे आहे, हे पाहावे लागते. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. दहा हजार ते एक लाख लोकसंख्येच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून २ किलोमीटर, एक ते दहा लाखांसाठी ६ आणि त्याहून मोठ्या शहरासाठी ८ किलोमीटर हवाई अंतराच्या आतील जमीन करपात्र ठरते. २०११ च्या जनगणनेनुसार नगर महानगरपालिकेची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आसपास असल्याने तेथे ६ किलोमीटरची, तर संगमनेर, श्रीरामपूर व कोपरगाव येथे २ किलोमीटरची मर्यादा येते.

करपात्र शेतजमिनीवरील नफ्यास १९६१ च्या कायद्यातील कलम ५४ ब ने सवलत दिली. विक्रीपूर्वीची दोन वर्षे ती जमीन स्वतः, आईवडिलांनी किंवा एकत्र कुटुंबाने कसलेली असावी आणि विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घ्यावी, अशी अट आहे. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत खरेदी न झाल्यास उर्वरित रक्कम १९८८ च्या भांडवली नफा खाते योजनेत बँकेत ठेवावी लागते. नवी जमीन तीन वर्षांत विकल्यास वाचलेला नफा पुन्हा हिशेबात येतो. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू होत असून तेथे कलमांचे क्रमांक बदलले आहेत.

अडचण येथेच आहे. नफा हस्तांतराच्या वर्षातच धरला जातो, पैसे हाती आले असोत वा नसोत. समजा, ६० लाखांना जमीन विकली, मूळ खर्च १० लाख आणि नफा ५० लाख. पहिला हप्ता २० लाखांचाच मिळाला व तेवढ्याचीच शेती घेतली, तर उरलेल्या ३० लाखांवर साडेबारा टक्के दराने, चार टक्के उपकरासह, सुमारे ३ लाख ९० हजार रुपये कर भरावा लागेल. अमेरिकेत हप्त्यांच्या विक्रीचा नफा, काही अपवाद वगळता, पैसे मिळतील तसा मोजण्याची सोय आहे. आपल्याकडे ती नाही.

म्हणून शेवटचा हप्ता मिळेपर्यंत ताबा न देता नोंदणीकृत साठेखत करावे आणि खरेदीखत नंतर, हा मार्ग अधिक सुरक्षित ठरतो. साठेखतावर ताबा दिल्यास तेही हस्तांतर मानले जाऊ शकते. खरेदीखत आधी करणे भाग असल्यास बाकी रक्कम व हप्त्यांच्या तारखा त्यात स्पष्ट लिहाव्यात. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार न मिळालेल्या किमतीपुरता विक्रेत्याचा बोजा जमिनीवर राहतो. मात्र ‘संपूर्ण रक्कम पावली’ असे लिहून दिले, तर पुढील प्रामाणिक खरेदीदारासमोर तो टिकणे कठीण होते. सातबाऱ्यावरील इतर हक्कांत बाकीची नोंद करून घेणेही हिताचे. सही करण्यापूर्वी सनदी लेखापाल व वकील या दोघांचाही सल्ला घ्यावा.