मोत्यांची शेती करणारा मिकिमोतो

मंडळी, आजीच्या नथीतला मोती दाखवताना तो ‘बसऱ्याचा’ म्हणून सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. इराणच्या आखातात पाणबुडे दम कोंडून तळाशी जात, शिंपले वर काढीत आणि तो माल पुष्कळसा मुंबईच्या बाजारात येई. शेकडो शिंपले फोडावेत, तेव्हा कुठे एखादा चांगला मोती! अशा या दैवाधीन वस्तूची ज्याने शेती केली, त्या जपानी माणसाची ही हकीकत.

कोकिची मिकिमोतो १८५८ साली तोबा गावी जन्मला. बाप कणकेच्या शेवया विके, पोरगा भाजी विकी. शिंपल्यातल्या जीवाला बाहेरचे काही खुपले, म्हणजे तो त्यावर चकाकते थर चढवतो. मग आपणच काही आत घातले तर? कर्ज काढून त्याने शिंपले पाळले. १८९२ साली, ज्वारीवर तांबेरा पडावा तसं समुद्राला तांबडं पाणी आलं आणि एका खाडीतलं सारं पीक मेलं. पण दुसरीकडचे थोडे शिंपले वाचले होते. ११ जुलै १८९३ रोजी त्यांतल्या एकात अर्धगोल मोती निघाला. बायको उमे सोबत होती. १८९६ साली पेटंट मिळालं आणि त्याच साली उमे वारली, तेही ऐन तारुण्यात.

पूर्ण गोल मोत्याचं श्रेय मात्र एकट्या मिकिमोतोला देणं न्यायाचं नाही. त्याचा जावई निशिकावा आणि मिसे नावाचा एक सुतार यांनीही ती रीत शोधली होती. मिकिमोतोचा हात धंद्यात धरवत नसे. १८९९ साली टोकियोत दुकान, १९१३ साली लंडनला! तिथले जवाहिरे १९२१ साली ओरडले, हे मोती खोटे! खटला पॅरिसला चालला. १९२४ साली तो मिकिमोतोच्या बाजूने सुटला. १९३२ साली कोबे शहरात त्याने हलके मोती भर चौकात फावड्याने आगीत टाकले. माल सांभाळला आणि जाहिरातही झाली, बरं का!

१९१७ साली न्यूयॉर्कला एका दुपदरी मोत्यांच्या हाराच्या बदल्यात कार्तिये पेढीने मोठी हवेलीच मिळवली होती. हाराची किंमत धरली होती दहा लाख डॉलर. १९५७ साली तोच हार लिलावात निघाला, तेव्हा जेमतेम दीड लाख आले. मिकिमोतो १९५४ सालीच, शहाण्णव वर्षांचा होऊन वारला होता.

आणि आखातातले पाणबुडे? १९२९ ची मंदी आणि जपानी मोती, दोन्ही एकदम त्यांच्यावर कोसळले. होड्या किनाऱ्याला लागल्या. १९३२ साली बहरीनमध्ये तेल लागलं, तेव्हा त्यांतले पुष्कळ जण तेलविहिरींवर मजुरीला गेले.