पराभवानंतरचे मतदान : १९४६ ते १९५७ चा इतिहास



निवडणुकीचा निकाल लागला आणि आपला माणूस पडला की त्या रात्री आपल्या वस्तीत एकच वाक्य ऐकू येते. "मत वाया गेले." पुढच्या खेपेला तीच माणसे बोटाला शाई लावून घ्यायला जात नाहीत. सुट्टी मिळाली म्हणून गावी जातात, नाहीतर पत्ते कुटत बसतात. विचारले तर म्हणतात, "आपला थोडाच येणार आहे?" हे वाक्य नवीन नाही. १९४६ साली ते बोलले गेले, १९५२ साली बोलले गेले. म्हणून या स्मरणिकेत त्या दहा-बारा वर्षांची हकिकत मांडावी असे आम्ही ठरविले. आमच्या मुलांना बाबासाहेब घटनेचे शिल्पकार म्हणून माहीत आहेत. पण बाबासाहेब निवडणुकीत पडले होते, आणि एकदा नव्हे तर दोनदा पडले होते, हे सांगितले तर मुले आमच्या तोंडाकडे बघतात. वाईट वाटते म्हणून आपण ते सांगतच नाही. आमच्या मते ते सांगितलेच पाहिजे.

आधी हे ध्यानात घ्या की मत ही वस्तू आपल्याला कोणी वाटेवर टाकून दिलेली नाही. १९१९ साली साउथबरो कमिटीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराची मागणी केली, तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीसच्या आत होते. सायमन कमिशनपुढे १९२८ साली त्यांनी प्रौढ मतदान मागितले. तरीही १९३५ च्या कायद्याने मत मिळाले ते दर शंभरात दहा-पंधरा माणसांना. ज्याच्याकडे जमीन, कर, शिक्षण, त्याला मत. झाडूवाल्याला, हमालाला, शेतमजुराला मत कुठले? अशा परिस्थितीतही १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई इलाख्यात लढविलेल्या बहुतेक जागा जिंकल्या. खुद्द बाबासाहेबांनी मुंबईत काँग्रेसचे उमेदवार, प्रसिद्ध क्रिकेटपटू पी. बाळू यांचा पराभव केला. तो विजय सर्वांना पाठ आहे, म्हणून आम्ही पुढे जातो.

१९४६ ची गोष्ट मात्र सावकाश ऐकण्यासारखी आहे. १९४२ साली नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले आणि चार वर्षांत निवडणूक आली. पुणे कराराने निवडणुकीच्या दोन पायऱ्या केल्या होत्या. राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार माणसे निवडायची, आणि मग त्या चौघांतून एक सर्व हिंदू मतदारांनी मिळून निवडायचा. पहिल्या पायरीवर फेडरेशनची माणसे अनेक ठिकाणी पुढे होती. दुसऱ्या पायरीवर तीच माणसे पडली, कारण तिथे मते आमची नव्हती. साऱ्या देशात फेडरेशनच्या हाताला जवळजवळ काही लागले नाही. कॅबिनेट मिशनने हा निकाल बोटाने दाखविला आणि फेडरेशनला बाजूला सारले. जुलै १९४६ मध्ये पुण्याला आमच्या लोकांनी त्याविरुद्ध सत्याग्रह केला, तुरुंगात गेले.

आता बघा काय झाले. मुंबईच्या विधिमंडळात फेडरेशनचे बळ नाही, मग बाबासाहेब घटना समितीत जाणार कसे? घटना समितीचे सभासद प्रांतांच्या विधिमंडळांतले आमदार निवडणार होते. त्या पडझडीत बंगालमधून फेडरेशनचा एक माणूस आमदार म्हणून निवडून आला होता. त्यांचे नाव जोगेंद्रनाथ मंडल. मंडलांनी बंगालमधल्या इतर अस्पृश्य आमदारांना जोडले, मते गोळा केली आणि बाबासाहेबांना बंगालमधून घटना समितीवर पाठविले. पुढे फाळणीमुळे ती जागा गेली व जुलै १९४७ मध्ये ते मुंबईतून पुन्हा निवडले गेले. पण पहिला दरवाजा उघडला तो बंगालने. पूर्व बंगालच्या त्या पाणथळ मुलखात ज्या नामशूद्र शेतकऱ्यांनी मंडलांना मत दिले, त्यांना काय ठाऊक की आपल्या मतातून पुढे काय घडणार आहे? देशभर फेडरेशन पडत होते. "आपला थोडाच येणार" म्हणून तेही घरी बसू शकले असते.

मग २६ जानेवारी १९५० आली आणि एकवीस वर्षांवरील प्रत्येकाला मत मिळाले. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशात सुमारे १७ कोटी ३२ लाख मतदार होते. यादीत नाव घालण्यावरूनही किती अडचणी! उत्तरेकडच्या प्रांतांत पुष्कळ बायांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन म्हणाले, असे चालणार नाही, बाईचे स्वतःचे नाव पाहिजे. त्यामुळे सुमारे अठ्ठावीस लाख बायांची नावे यादीत राहिली नाहीत. आम्हाला वाटते, सेनसाहेबांनी बरोबर केले. पुढच्या खेपेला नाव सांगायची सवय लागली.

त्या वेळी छापील मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, पेटीवर त्याची निशाणी, आणि मतदाराने आपला कागद पडद्याआड जाऊन हव्या त्या पेटीत टाकायचा. फेडरेशनची निशाणी हत्ती, काँग्रेसची बैलजोडी, समाजवादी पक्षाची झाड. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. हिंदू कोड बिल रखडविले हे त्याचे एक मोठे कारण. ते उत्तर मुंबईतून उभे राहिले. ही दोन खासदारांची जागा होती, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. म्हणून प्रत्येक मतदाराला दोन मते. मात्र दोन्ही एकाच पेटीत टाकता येत नसत. फेडरेशनची युती समाजवादी पक्षाशी होती. अशोक मेहता झाडावर, बाबासाहेब हत्तीवर. कम्युनिस्टांकडून कॉम्रेड डांगेही त्याच मतदारसंघात उभे होते.

जानेवारी १९५२ मध्ये निकाल लागला. काँग्रेसचे नारायण काजरोळकर निवडून आले, बाबासाहेब सुमारे साडेचौदा हजार मतांनी पडले. अशोक मेहताही पडले. आपल्या वस्त्यांतून त्या दिवशी चुली पेटल्या नाहीत असे जुनी माणसे सांगत. घटना लिहिणारा माणूस घटनेखालच्या पहिल्याच निवडणुकीत पडतो, यापरते दुःख ते काय!

पण दुःखाच्या पोटात आकडे होते, आणि ते आमच्या कार्यकर्त्यांनी वाचले. बाबासाहेबांना सव्वा लाखाच्या जवळपास मते पडली होती. ही सगळी एकट्या आपल्या समाजाची नव्हती. अशोक मेहतांची मते बाबासाहेबांपेक्षा काही हजारांनी जास्त होती, म्हणजे झाडाला मत देणाऱ्या काहींचा दुसरा कागद हत्तीपर्यंत पोचलाच नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास मते बाद झाली. पडलो साडेचौदा हजारांनी, बाद चौऱ्याहत्तर हजार! दुसरे मत कुजवा, असा प्रचार कम्युनिस्टांनी केला, असा बाबासाहेब व मेहता यांचा आरोप होता. त्यांनी निवडणुकीविरुद्ध अर्ज केला, तो फेटाळला गेला. गिरणीत साचा थांबला तर आधी धागा कुठे तुटला ते बघतात, साच्याला लाथ मारीत नाहीत. तसे हे काम होते. त्याच निवडणुकीत सोलापूरहून पां. ना. राजभोज शेतकरी कामगार पक्षाच्या जोडीने लोकसभेत गेले, मुंबईच्या विधानसभेत बी. सी. कांबळे एकटे गेले. जिथे जोडीदाराची मते खरोखर मिळाली तिथे हत्ती चालला, हा अर्थ निघाला.

बाबासाहेब त्याच वर्षी राज्यसभेवर गेले आणि दोन वर्षांनी, प्रकृती ढासळलेली असताना, मे १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला पुन्हा उभे राहिले. पुन्हा दोन जागा, पुन्हा अशोक मेहता जोडीला. या वेळची एक गोष्ट त्या वेळचे कार्यकर्ते सांगत आले आहेत. काहींनी सुचविले की आपल्या लोकांनी एकच मत हत्तीला द्यावे आणि दुसरे कुजवावे, म्हणजे बाबासाहेब नक्की निवडून येतील. हिशेबाने ते खोटे नव्हते. बाबासाहेबांनी नकार दिला. ज्याने घटनेत मताचा अधिकार लिहिला त्याने मत फुकट घालवा असे सांगायचे नाही, पडलो तरी चालेल, असा त्यांचा निर्णय होता. आपल्या लोकांनी दुसरे मत मेहतांना दिले. मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर आले आणि बाबासाहेब आठ हजारांवर मतांनी पडले. "मत वाया गेले" म्हणणाऱ्याने भंडाऱ्याची ही हकिकत दोनदा वाचावी.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर तीन महिन्यांत दुसरी सार्वत्रिक निवडणूक आली. विचार करा, काय अवस्था असेल. बाप गेलेला, दोन निवडणुका हरलेला पक्ष, नवा धर्म स्वीकारलेला म्हणून गावोगावी बहिष्कार. त्या वेळी जर आपला समाज घरात बसला असता तर कोणी नावे ठेवली नसती.

पण फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील झाले. हा निर्णय सोपा नव्हता, विशेषतः गिरणगावात. कारण समितीत कम्युनिस्ट होते आणि त्यांच्याशी आपले जुने दुखणे होते. एके काळी मुंबईच्या गिरण्यांत साळखात्यात आपल्या माणसाला घेत नसत, का तर धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याला आपले तोंड चालत नसे. या अन्यायाविरुद्ध लाल बावट्याच्या युनियनने वेळीच आवाज उठविला नाही, ही बाबासाहेबांची तक्रार होती. १९३८ च्या ७ नोव्हेंबरला काळ्या कामगार कायद्याविरुद्ध दोघांनी मिळून संप केला हेही खरे. आणि १९५२ चे कुजविलेले मत तर ताजेच होते.

तरी मार्च १९५७ मध्ये मध्य मुंबईच्या जोडजागेवर समितीने कोणाला उभे केले? सर्वसाधारण जागेवर कॉम्रेड डांगे आणि राखीव जागेवर फेडरेशनचे गो. का. माने! पाच वर्षांपूर्वी ज्यांच्या नावाने बोटे मोडली त्यांच्या पेटीत आपल्या लोकांनी कागद टाकला, आणि लाल बावट्यावाल्यांनी हत्तीच्या. दोघेही निवडून आले. नाशिकहून कर्मवीर दादासाहेब गायकवाड, कोपरगावहून बी. सी. कांबळे, पलीकडे म्हैसूर राज्यात चिकोडीहून दत्ता कट्टी, असे फेडरेशनचे सहा खासदार दुसऱ्या लोकसभेत गेले. मुंबई विधानसभेतही डझनभर आमदार गेले. महापालिकेत समितीचे बहुमत झाले आणि १९५९ साली आपले पु. टी. बोराळे मुंबईचे महापौर झाले. ज्या शहराने १९५२ साली बाबासाहेबांना पाडले, त्याच शहराची ही गोष्ट आहे. मतदार बहुतेक तेच होते, मधे फक्त पाच वर्षे गेली होती.

पुढचे सगळे असेच चढते राहिले असे आम्ही म्हणणार नाही. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष झाला आणि लवकरच फुटलाही. १९६२ ला महाराष्ट्रातून पक्षाचा एकही खासदार गेला नाही. तिघे गेले ते उत्तर प्रदेशातून, अलिगढचे बी. पी. मौर्य त्यांत होते. फुटीचा पाढा इथे वाचत नाही, तो सर्वांच्या तोंडपाठ आहे.

एक शंका मात्र तरुण मुले विचारतात. १९७४ च्या जानेवारीत मध्य मुंबईच्या पोटनिवडणुकीवर दलित पँथरने बहिष्कार पुकारला होता, तेव्हा मत न देणे बरोबर आणि आता चूक कसे? फरक असा की तो बहिष्कार वरळीच्या मैदानात सभा घेऊन, अत्याचाराचा जाब विचारून जाहीर केलेला होता. त्यासाठी लोकांनी दगड झेलले, भागवत जाधव यांचा जीव गेला. काँग्रेसचे रामराव आदिक त्या निवडणुकीत पडले व कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. सगळ्यांना कळले की हा वर्ग नाराज आहे. चुपचाप घरी बसणाऱ्याची नाराजी कोणत्या कागदावर उमटते? २०१३ पासून तर यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटणही आहे. ते दाबायलाही केंद्रावर जावे लागते.

१९९६ ला आपला एकही खासदार नव्हता. १९९८ ला गटांनी तात्पुरती तोंडे एका दिशेला केली आणि प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून आणि रामदास आठवले उत्तर मध्य मुंबईतून निवडून आले. चारही जागा खुल्या होत्या. पुढच्याच वर्षी ती एकी राहिली नाही. पण चार जागा कशा आल्या हे मतदारांनी पाहिलेले आहे.

विहाराच्या वाचनालयात मतदार यादी बघण्यासाठी ठेवण्याचे आम्ही ठरविले आहे. अठरा वर्षे पुरी झालेल्या मुलामुलींनी नमुना ६ चा अर्ज भरावा. खोली बदललेल्यांनी जुन्या पत्त्यावरचे नाव नव्या ठिकाणी आणावे. सुनांची नावे माहेरच्या यादीत राहिलेली असतात, तीही बघावीत. रविवारी वंदनेनंतर दोन कार्यकर्ते अर्ज लिहून द्यायला बसतील.