मायक्रोकंट्रोलर बोर्ड व बाह्य दोषशोधन साधने : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपवर सामावलेला छोटा संगणक होय. त्याला स्वतःचा पडदा वा कळफलक नसतो. त्यामुळे त्यातील प्रोग्रॅमचा दोष शोधण्यासाठी बाहेरून डीबगर जोडावा लागतो. या जोडणीचा विकास कसा झाला, याचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एम्युलेटरचा कालखंड :
१९७० च्या दशकात इंटेलने इन-सर्किट एम्युलेटर बाजारात आणला. बोर्डावरील प्रोसेसर काढून त्या जागी एम्युलेटरची केबल बसविली जाई. हे साधन प्रभावी असले तरी अतिशय महाग होते. पुढे चिपचा वेग वाढला, चिप थेट बोर्डावर सोल्डर होऊ लागली आणि ही पद्धत अवघड बनली.

जेटॅगचा उदय :
उपाय मात्र वेगळ्याच क्षेत्रातून आला. दाट बोर्डावरील सोल्डरचे सांधे बाहेरून तपासता येईनात, म्हणून १९८५ च्या सुमारास युरोपातील इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांनी चाचणीची सोय चिपमध्येच करण्याचा विचार मांडला. त्यातून १९९० मध्ये आयईईई ११४९.१ हे प्रमाणक सिद्ध झाले. टीसीके, टीएमएस, टीडीआय व टीडीओ हे त्याचे चार आवश्यक संकेत होत. कारखान्यातील चाचणीसाठी उघडलेल्या याच दारातून पुढे प्रोसेसर थांबविणे, रजिस्टर वाचणे व मेमरी बदलणे शक्य झाले. एआरएम७टीडीएमआय या नावातील अखेरचे अक्षर 'एम्बेडेड-आयसीई'चे निदर्शक आहे. एम्युलेटरचे कार्य चिपच्या आत गेल्याची ही नोंदच म्हणावी लागेल.

सुलभीकरण :
एआरएमच्या सीरियल वायर डीबग पद्धतीत डेटा व क्लॉक या दोनच संकेततारा आणि सामाईक ग्राउंड पुरेसे ठरतात. २००५ मध्ये जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे एका पदविका प्रबंधातून ओपनओसीडी ही मुक्त आज्ञावली जन्मास आली. २०२१ मध्ये चार डॉलरला आलेल्या रास्पबेरी पाय पिको बोर्डावर डीबगची जोडणी उपलब्ध होती. शिवाय एक पिको दुसऱ्याचा डीबगर म्हणून वापरता येतो.

निष्कर्ष :
एकेकाळी संपन्न प्रयोगशाळांपुरते मर्यादित असलेले साधन आज विद्यार्थ्याच्या आवाक्यात आले आहे. तथापि ज्या दारातून दोष दिसतो, त्याच दारातून प्रोग्रॅमची नक्कलही करता येते. म्हणून विक्रीच्या उपकरणांत ते अनेकदा बंद केले जाते. शिक्षणासाठी खुले दार आणि उत्पादनासाठी कुलूप, हा या इतिहासातील मूलभूत ताण होय. अध्यापनासाठी बोर्ड निवडताना हे दार खुले आहे की नाही, हे किमतीइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे.