रिलेचा बेस आणि रात्रीची लाईट

मांजरसुंब्याहून केजच्या रस्त्याला लागलं की नेकनूर येतं. आठवडी बाजाराचं मोठं गाव. बालाघाटाचा हा मुलूख, पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे बागायत विहिरीच्या आणि बोअरच्या जिवावर. बोअरजवळ लोखंडी पेटी असते. उघडली की आत मेन स्विच, कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड, सिंगल फेज प्रिव्हेंटर. काही पेट्यांमध्ये आणखी एक वस्तू दिसते: काळ्या प्लास्टिकच्या बेसवर खोचलेली पारदर्शक डबी. ती डबी म्हणजे रिले. कारखान्याच्या पॅनेलमध्ये अशा डब्यांच्या रांगाच्या रांगा असतात.

रिले जळाला तर ओढून काढतात आणि दुसरा खोचतात. वायरी बेसच्या स्क्रूंना असतात, त्यांना कुणी हात लावत नाही. ही सोय आज इतकी साधी वाटते की तिलाही इतिहास असेल हे सुचत नाही.

गोष्ट सुरू होते तारायंत्रापासून. लांब तारेतून जाताना वीज क्षीण होते. १८३५ च्या सुमारास अमेरिकेत जोसेफ हेन्री या प्राध्यापकाने एक युक्ती दाखवली. दुरून आलेल्या क्षीण विजेने फक्त एक छोटा विद्युतचुंबक जागा करायचा. त्या चुंबकाने लोखंडाची पट्टी ओढायची आणि पट्टीने जवळच्या ताज्या बॅटरीचं सर्किट जोडायचं. जुन्या डाकेत प्रत्येक चौकीवर दमलेला घोडा सोडून ताजा घेत, निरोप मात्र तोच पुढे जाई. इंग्रजीत अशा ताज्या घोड्यांनाच ‘रिले’ म्हणत, तेच नाव या यंत्राला मिळालं. भारतात १८५० मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी तार पडली, १८५४ पासून ती सामान्य लोकांना खुली झाली, आणि २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली. रिले मात्र राहिला. पेटीतला रिले आजही हेन्रीचंच काम करतो: कॉइलला थोडी वीज द्या, तो कॉन्टॅक्टमधून जास्त वीज जोडतो किंवा तोडतो.

पुढे टेलिफोन एक्स्चेंजांत हजारो रिले बसले. १९३७ मध्ये क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवलं की रिलेच्या जोडण्या म्हणजे तर्कशास्त्रच आहे. दोन कॉन्टॅक्ट एकामागे एक जोडले तर ‘हेही आणि तेही’. शेजारी-शेजारी जोडले तर ‘हे किंवा ते’. तुमच्या हातातला फोन याच हिशेबावर चालतो. यातून एक गोष्ट स्पष्ट झाली, तिच्याकडे आपण पुन्हा येऊ: रिले सगळे सारखेच असतात, त्यांनी काय करायचं हे वायरिंग ठरवतं.

रिले मरतातही. कॉन्टॅक्ट जळतात, चिकटतात, मध्ये कचरा अडकतो. १९४७ मध्ये हार्वर्डच्या मार्क टू या रिलेवर चालणाऱ्या संगणकात एक पतंग अडकून मेला. तंत्रज्ञांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. आपल्याकडच्या पेट्यांमध्ये हे काम पाली आणि मुंग्या करतात. म्हणून रिलेला झाकण आलं. आणि मरणारी वस्तू पटकन बदलता यावी म्हणून बेस आला.

आठ पिनांच्या गोल बेसचं घराणं रेडिओचं आहे. जुन्या रेडिओतले व्हॉल्व्ह बल्बसारखे जळत, ते बदलावे लागत. १९३५ मध्ये अमेरिकेत धातूच्या व्हॉल्व्हसाठी आठ पिनांचा नवा बेस निघाला. पिनांच्या मधोमध एक जाड दांडा आणि दांड्यावर एक उंचवटा. उंचवटा खाचेत आल्याशिवाय पिना आत जातच नाहीत, त्यामुळे अंधारात चाचपूनही व्हॉल्व्ह चुकीचा बसत नसे. पुढे ट्रान्झिस्टर आला, व्हॉल्व्ह घराघरांतून गेले. त्यांचा बेस मात्र रिलेने घेतला. रात्री मोबाइलच्या टॉर्चवर रिले बदलणारा वायरमन नव्वद वर्षांपूर्वीची ती खाच वापरत असतो.

खाचेइतकंच महत्त्व आकड्यांना आहे. आठ पिनांच्या बेसवर २ आणि ७ ही कॉइल. १ आणि ८ हे दोन कॉमन. कॉइलला वीज नसताना १ हा ४ शी आणि ८ हा ५ शी जोडलेला असतो. कॉइल ओढली की १ जातो ३ वर आणि ८ जातो ६ वर. चॅनेलवर बसणाऱ्या नव्या चपट्या बेसवर कॉइलला ए१, ए२ म्हणतात. कॉन्टॅक्टवर ११, १२, १४ असे आकडे असतात: पहिला आकडा कितवा कॉन्टॅक्ट ते सांगतो. दुसरा आकडा १ असला तर कॉमन, २ असला तर एनसी, ४ असला तर एनओ. कंपनी कुठलीही असो, हे आकडे समजले की बनवणाऱ्याला फोन करायची गरज उरत नाही. आयटीआयमध्ये शिकलेला मुलगा चाकणच्या कारखान्यातलं पॅनेल वाचतो, तसंच गावाकडचंही वाचू शकतो.

वायरिंगचे नियमही याच विचारातून आलेत. कॉइलचा व्होल्टेज बेस जोडण्याआधी रिलेवर वाचायचा, कारण २४ व्होल्टचा आणि २३० व्होल्टचा रिले एकाच बेसवर बसतात. वायरीच्या टोकाला थिंबल दाबायचा, म्हणजे सुटी तार शेजारच्या स्क्रूला लागत नाही. प्रत्येक वायरीवर नंबराचा फेरूल घालायचा. डीसी कॉइलवर डायोड असेल तर ए१ ला प्लसच द्यायचा. आणि मोटार थेट रिलेवर कधी घ्यायची नाही. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, त्याने रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटतात. रिलेने कॉन्टॅक्टरची कॉइल चालवायची, मोटार कॉन्टॅक्टरने ओढायची.

१९६९ मध्ये रिलेंच्या भिंतींऐवजी वापरायला पीएलसी आला. तरी त्याच्या नाजूक आउटपुटमध्ये आणि जड कॉन्टॅक्टरमध्ये आजही बेसवरचा रिले उभा असतो.

आता पुन्हा बोअरच्या पेटीकडे. स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं की कॉन्टॅक्टर ओढला जातो आणि स्वतःच्याच एका कॉन्टॅक्टने, बहुधा १३-१४ ने, स्वतःला धरून ठेवतो. लाईट गेली की सुटतो. लाईट परत आली तरी मोटार आपोआप सुरू होत नाही, माणसाने येऊन बटण दाबावं लागतं. ही अडचण मुद्दाम ठेवलेली आहे. लाईट नसताना कुणी पंपाला हात लावून बसलं असेल, तर त्याचा जीव या अडचणीमुळे वाचतो.

पण महाराष्ट्रात शेतीची लाईट वर्षानुवर्षं पाळीने आली, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. रात्री साप-विंचवातून, थंडीतून पेटीपर्यंत कोण जाणार? म्हणून ऑटोस्विच आला. लाईट आली की तो हिरव्या बटणाचं काम स्वतः करतो. त्याच्या आतही बहुतेक वेळा रिलेच असतो. शॅननच्या भाषेत सांगायचं तर ‘लाईट आहे आणि माणूस आहे’ यातला ‘माणूस’ वायरिंगमधून काढून टाकला.

त्याचे परिणाम सगळ्या शिवाराला माहीत आहेत. लाईट आली की एका डीपीवरच्या साऱ्या मोटारी एकाच क्षणी उठतात, प्रत्येक पाच-सहा पट करंट मागते आणि डीपी जळतो. मग ऐन पाण्याच्या दिवसांत पीक वाळतं. महावितरण सांगतं, ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा. सल्ला बरोबर आहे. पण रात्री दोनला लाईट देऊन शेतकऱ्याला फक्त ‘स्विच काढ’ म्हणणं पुरेसं नाही. दिवसा वीज देण्यासाठी २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. जिथे ती वीज खरोखर दिवसा पोचते, तिथे ऑटोस्विचची गरजच उरत नाही.

तोवर निर्णय पेटी जोडणाऱ्याच्या हातात आहे. ऑटोस्विच लावायचाच असेल तर त्याच आठ पिनांच्या बेसवर बसणारा टायमर मध्ये घालता येतो आणि डीपीवरच्या प्रत्येक पेटीला वेगळा वेळ देता येतो, म्हणजे मोटारी एकामागून एक उठतात. पंपाला हात लावण्याआधी मेन स्विच पाडायचा, हे पेटीच्या दारावर आतून लिहून ठेवता येतं. जोडणाऱ्याने फेरूल घातले असतील, तर पुढच्या वर्षी येणाऱ्या अनोळखी वायरमनलाही कळेल की माणसाच्या जागी टायमर कुठे बसवलाय.