सममिती-सुलभीकरण (उष्णता-संक्रमणातील)
वस्तूमधील तापमानाचे वितरण काढताना तिच्या सममितीचा आधार घेऊन अवकाशीय चलांची संख्या कमी करणे, किंवा संपूर्ण वस्तूऐवजी तिचा एखादाच भाग हिशेबात घेणे, या रीतीस सममिती-सुलभीकरण म्हणतात. झोझेफ फूर्ये यांनी १८२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उष्णतावहनाच्या ग्रंथात वलय, गोल व दंडगोल यांचा स्वतंत्र विचार केला तो याच दृष्टीने. कारण आकारानुसार योग्य निर्देशक निवडले की तीन चलांचे अवकल समीकरण पुष्कळदा एका चलाचे होते.

एकमितीय प्रतिमाने तीन आहेत. सपाट पाटात उष्णतेच्या वाटेतील क्षेत्रफळ स्थिर राहते, लांब दंडगोलात ते त्रिज्येच्या व गोलात त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि हा फरक वरवर वाटतो तितका किरकोळ नाही. अंतर्भागात सर्वत्र सारखी उष्णता निर्माण होत असेल आणि पाटाची अर्धी जाडी व इतर दोहोंची त्रिज्या समान असेल, तर स्थिर स्थितीत पृष्ठभागापेक्षा मध्याचे तापमान जितके जास्त असते त्याचे प्रमाण अनुक्रमे १/२, १/४ व १/६ असे पडते. म्हणजे गोल वस्तूला पाट मानणारा मध्याची तापमानवाढ तिप्पट धरून बसतो. पृष्ठभाग एकाएकी थंड करून त्याच तापमानास ठेवला, तर आरंभीचा काळ सरल्यावर गोल पाटाच्या चौपट वेगाने निवतो.

याउलट पातळ भिंतीच्या नळीला सपाट मानण्यास हरकत नसते, मात्र क्षेत्रफळ कोणत्या त्रिज्येवर मोजले हे महत्त्वाचे ठरते. बाह्य त्रिज्या आंतर त्रिज्येच्या १.१ पट असताना सरासरी त्रिज्येवरील क्षेत्रफळ घेतल्यास उष्णतारोधातील चूक ०.१ टक्क्याहूनही कमी, तर आंतर त्रिज्येवरील क्षेत्रफळ घेतल्यास सुमारे ५ टक्के येते. वाफेच्या नळीवरील जाड रोधक थरामुळे हेच गुणोत्तर २ झाले, तर या चुका अनुक्रमे सुमारे ४ व ४४ टक्के होतात. अशा ठिकाणी दंडगोलाचे लघुगणकीय सूत्र वापरण्यास काहीच जास्त कष्ट पडत नसल्याने सपाट प्रतिमानाचा हट्ट निरर्थक होय.

सममितीच्या प्रतलातून उष्णता आरपार जात नाही, म्हणून संगणकीय प्रतिमानात त्या जागी उष्णतारोधक सीमा कल्पून चारही बाजूंनी सारखी थंड होणारी चौरस सळई तिच्या छेदाच्या एक-अष्टमांशावरून सोडवता येते. पाटाची दोन पृष्ठे वेगवेगळ्या स्थिर तापमानांस ठेवलेली असतील, तर स्थिती प्रतिसममित असते. स्थिर वाहकतेच्या पाटात तेव्हा मध्यप्रतलावर दोहोंच्या सरासरीइतके तापमान राहते आणि उष्णता मात्र त्यातून वाहते, त्यामुळे तेथे रोधक सीमा धरणे ही ढोबळ चूक ठरते.

निवडीचा खरा निकष असा की सममिती एकट्या आकाराची पुरत नाही. सीमा-अटी, आरंभीचे तापमान, उष्णतेचे उगम आणि पदार्थाचे गुणधर्म या सर्वांत ती असावी लागते. एका बाजूने ऊन लागणारी नळी आकाराने गोल असूनही तिचे तापमान अक्षाभोवती सारखे नसते. आडव्या गरम नळीच्या माथ्यावरून तापलेली हवा वर चढते, तेव्हा अक्षीय सममिती मोडून केवळ उभ्या प्रतलाची उरते. एखादा खाचखळगा किंवा आधाराचा खांब दूर असेल व त्याचा परिणाम हव्या त्या जागी पोहोचत नसेल, तर त्याकडे दुर्लक्ष करण्याची मुभा अभियंते घेतात आणि ती सहसा योग्यच असते.

निव्वळ वहनाच्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर एकमेव असते, त्यामुळे अटी सममित असल्यास उत्तरही सममितच येते. प्रवाही पदार्थाच्या अभिसरणात ही हमी राहत नाही. दंडगोलाला आडवा ओलांडणारा प्रवाह रेनॉल्ड्स अंक सुमारे ४७ च्या पुढे गेला की मागील बाजूस आळीपाळीने भोवरे सोडू लागतो. तेव्हा अर्धेच क्षेत्र घेणारे प्रतिमान ही हालचाल होऊच देत नाही आणि दंडगोलाच्या पाठीमागील उष्णता-संक्रमण प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवते.